दोन खोल्या आणि गेटवरचा बोर्ड

'शहापूर-मुरबाड' असं एक गाव नाही, हे सगळ्यात आधी सांगून टाकतो, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं. बार्शीत दुकानात बसून मोबाइलवर हॉटेल शोधत होतो तेव्हा 'शहापूर-मुरबाड परिसर' असं लिहून यायचं. पिंपरी-चिंचवड म्हणतात तसं हे एकाला एक लागून असणार, असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात हे ठाणे जिल्ह्यातले दोन वेगळे तालुके आहेत. शहापूर नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर, मुरबाड माळशेज घाटाच्या वाटेवर, आणि मधे जंगल, नदी आणि भाताची खाचरं. आम्हाला जायचं होतं मुरबाडच्या पलीकडे, धसईच्या बाजूला. मी खोल्या घेतल्या शहापूरला लागून, सापगावच्या पुढे. पैसेही आधीच भरून टाकले, कारण आगाऊ भरले की सूट होती, आणि सूट दिसली की माझा हात थांबत नाही.

जायचं कारण माझी भाची. मनीषा, घरात मनू. थोरल्या बहिणीची, म्हणजे आक्काची, एकुलती एक मुलगी. भाऊजी ती शाळेत असतानाच गेले. मनू कल्याणला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे आणि तिथेच काम करणारा जयेश तिच्या मनात भरला. जयेश धसईजवळच्या गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्या दोघांचं ठरलेलं होतं, घरच्यांचं ठरायचं होतं. याआधी मनूचं एक स्थळ सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी मोडलं, आणि त्यानंतर आक्काने लोकांच्या लग्नांना जाणंच सोडलं. या वेळी काही बिघडता कामा नये, हे आम्ही कोणी बोलत नव्हतो, पण प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

बार्शीत माझं झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. मी भांडकुदळ नाही, पण बिलात एखादी ओळ जास्त दिसली की मला चैन पडत नाही. माझी बायको सुनंदा म्हणते, हे दोन्ही एकच आहे.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला होता. दुकानात गर्दी, मशीन चालू, त्याचा आवाज तुटत होता. "कशासाठी येताय, साहेब?" मी म्हणालो, "भाचीचा कार्यक्रम आहे." नाव विचारलं, मनीषा सांगितलं. मुलाचं विचारलं, जयेश सांगितलं. "मानसं किती?" मी गमतीत म्हणालो, "आमची चार. गावाकडची चाळीस-पन्नासही जमतील, सांगता येत नाही." पुढचं काही नीट ऐकू आलं नाही. शेवटी तो म्हणाला, "बाकी सगलं आमच्यावर सोडा." मी म्हणालो, "सोडलं!" आणि गिऱ्हाइकाकडे वळलो.

शुक्रवार, धसईच्या पुढे

बेत असा होता की कल्याणला उतरायचं, थेट हॉटेल गाठायचं, आंघोळी करून, चांगले कपडे घालून चार वाजता मुलाच्या घरी जायचं आणि झोपायला परत हॉटेलात. हॉटेलचं त्यांना सांगायचं नाही, असं सुनंदाने बजावलं होतं. व्याही होऊ घातलेल्या माणसांच्या दारात जाऊन आम्ही लॉजवर उतरलोय म्हणणं म्हणजे तुमचं घर आम्हाला पुरत नाही असं सांगणं. आपल्याकडेही ते चालत नाही, आणि डोंगराकडची माणसं तर त्याहून मानी, असं तिने ऐकलं होतं.

कल्याणला गाडी चांगलीच उशिरा पोहोचली. पुलावर मनू उभी होती आणि तिच्या शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला एक धिप्पाड माणूस. "हे जयेशचे बाबा," मनू म्हणाली. तिच्या डोळ्यांत 'मामा, आता काय करायचं' असं स्पष्ट होतं. बाळारामभाऊ शेजाऱ्याची जीप घेऊन सकाळपासून आमची वाट बघत होते. त्यांनी आमच्या दोन्ही बॅगा उचलल्या, आक्काची पिशवी काखोटीला मारली आणि जीपकडे चालायला लागले.

"एवढं सामान हाय म्हंजे वस्तीलाच आलात," ते खूश होऊन म्हणाले. "आमी तं बोलत होतो, शहरातली मानसं, च्या पिऊन पलतील."

मी "हो, हो" म्हणालो. सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

बाहेर बघण्यासारखं पुष्कळ होतं, ते मात्र खरं. मुरबाड मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणी झालेली खाचरं लागतात. भाताच्या पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, आणि त्याच ओल्या जमिनीत आता वाल वर आलेला. आमच्या बार्शीकडे काळी जमीन क्षितिजापर्यंत सपाट जाते, नजर कुठे अडत नाही. इथे समोर सह्याद्री भिंतीसारखा उभा. आक्का म्हणाली, "एवढा डोंगर रोज बघून माणसांना दडपत नसेल का?" बाळारामभाऊ हसले. म्हणाले, "आमाला तुमच्याकडं आल्यावर दडपंल. लपायचं कुठं?"

धसईला बाजारात थांबून त्यांनी भाजी घेतली. गाव आणखी पुढे. घर मातीचं नव्हतं, पक्कं होतं, पण अंगण शेणाने सारवलेलं आणि ओटा रुंद. जयेशच्या आईने, हिराबाईंनी, आमच्या पायावर पाणी घातलं. आक्काला "बसा गो, दमलात" म्हणून हाताला धरून आत नेलं. जयेश रात्रपाळीला होता, सकाळी यायचा होता. मोबाइल काढून बघितला तर रेंजची एक काडी नाही. "रेंज पान्याच्या टाकीपाशी भेटते," बाळारामभाऊ म्हणाले. टाकी गावाच्या वरच्या टोकाला. हॉटेलवाल्याला कळवायला तिथे जायचं तर कारण काय सांगायचं? मी मनात म्हटलं, दोन खोल्या तर आहेत, एक रात्र रिकाम्या राहतील. पैसे भरलेत, बुडतील तेवढेच.

दिवेलागणीच्या सुमारास बाळारामभाऊंचे थोरले भाऊ आले. ते डोळखांबला सासुरवाडीच्या जमिनीवर राहतात. सगळं घर त्यांना दादा म्हणतं. उंच, सुकलेला माणूस, डोक्याला टोपी, बोलणं अगदी कमी. हिराबाई पदर सावरून उभ्या राहिल्या, बाळारामभाऊ ओट्यावरून खाली उतरले. मनूने जीपमध्येच मला सांगून ठेवलं होतं की या घरात दादांच्या होकाराशिवाय सुपारी फुटत नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते या माणसाच्या हो किंवा नाहीवर होतं.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, गावठी कोंबडा आणि सुकटीची चटणी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या बोटांना ती पांढरीशुभ्र मऊ भाकरी तोडताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. चव विचाराल तर बिरडं मी तिसऱ्यांदा घेतलं. पण समोर बसलेले दादा फारसं जेवत नव्हते. माझ्याकडे बघायचे, मग मनूकडे, मग ताटाकडे.

मधेच म्हणाले, "जागा झकास निवडलीत."

मी समजलो, स्थळ. हे घर. "आमच्या मनूनंच निवडली," मी अभिमानाने म्हणालो.

दादांच्या भुवया वर गेल्या. थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या किती वाजताचं धरू?"

मी समजलो, आमच्या निघण्याचं विचारतायत. आम्ही लवकर टळावं असं त्यांना वाटतंय की काय, अशी शंका आली. "दहा-साडेदहापर्यंत आवरलेलं बरं," मी म्हणालो. "ऊन व्हायच्या आत."

"बरां," दादा म्हणाले, हात धुतला आणि मोबाइल घेऊन अंधारात टाकीच्या दिशेने चालते झाले. होकार नाही, नकार नाही. आक्काने मला खुणेनं विचारलं, काय? मी खांदे उडवले. खरं तर माझं जेवण तिथेच थांबलं होतं.

शनिवार

सकाळी चहा घेताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा उठले नाहीत अजून?"

"दादा फाटेच गेलं," बाळारामभाऊ म्हणाले.

पहाटे. न सांगता, न भेटता. मी चहा तसाच खाली ठेवला. होकार द्यायचा असता तर माणूस सकाळी सुपारी मागतो, चोरासारखा पहाटे निघून जात नाही. आक्काला हे कळलं तेव्हा ती चुलीपाशी जाऊन बसली. मी पाय मोकळे करायचं निमित्त काढून टाकीकडे गेलो, मनू मागून आली. रेंज येताच मोबाइल थरथरायला लागला. हॉटेलचे फोन मोजायला नकोत इतके होते. खाली एक मेसेज.

त्यात लिहिलं होतं की तुम्ही रात्री न आल्याबद्दल खोल्यांचे आगाऊ पैसे परत मिळणार नाहीत. इथवर ठीक. पुढे मात्र हॉल, हॉलची सजावट, स्टेज, पन्नास ताटं आणि गेटवरचा बोर्ड, असं सगळं मांडून एक आकडा दिला होता. माझं दुकान दोन महिने अखंड चाललं तर कदाचित तेवढं मिळालं असतं. 'सकाळी येऊन क्लिअर करावे.'

"मामा, पन्नास ताटं?" मनूने विचारलं.

"फसवतात," मी म्हणालो. "बाहेरगावचं गिऱ्हाईक दिसलं की असं करतात. मी दाखवतो त्यांना." तेवढ्यात खाली फोटो दिसला. हॉटेलचं गेट, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स. साखरपुडा समारंभ. मनूचं नाव. जयेशचं नाव. हार्दिक स्वागत.

मनू टाकीच्या पायरीवर बसली. सुपारी फुटलेली नाही, दादांनी हो म्हटलेलं नाही, आणि दोघांची नावं भर रस्त्यावर लटकलेली. गावात उतरून बाळारामभाऊंना काय सांगायचं याचा विचार करत मी आलो, आणि शेवटी एवढंच म्हणालो, "सापगावच्या बाजूला एक काम आहे. मी आणि मनू जाऊन येतो."

बाळारामभाऊ हसले. "म्हाईत हाय मना. व्हा पुढं, तयारी बघा. आमी येतो बायांना घेऊन."

म्हाईत हाय! काय माहीत आहे? हॉटेलचं? त्या हसण्याचा अर्थ मला लागेना. 'तयारी' म्हणजे परतीची तयारी, इतकंच डोक्यात शिरलं. पाहुणे लॉजवर जाणार होते हे यांना कळलंय, आणि आता आम्हाला मानाने तिकडे पोहोचवून हात झटकणार, असं मी गृहीत धरलं. सुनंदाला कानात सांगितलं, "आक्काला सांभाळ," आणि निघालो.

धसईहून एसटीने मुरबाड आणि तिथून शहापूरकडे जाणारी जीप. मनू पूर्ण वाटेत जयेशला फोन लावत होती, त्याचा फोन बंद. मी मनातल्या मनात मॅनेजरशी भांडत होतो, प्रत्येक वळणावर एक नवा मुद्दा सुचत होता. मधे एकदा मनू म्हणाली, "मामा, डोळखांबहून धसईकडे यायचा रस्ता कुठला?"

"मला काय माहीत?"

"शहापूर, सापगाव, मग मुरबाड. हाच. जयेशचे काका काल संध्याकाळी इथूनच आले."

माझे सगळे मुद्दे जागच्या जागी विरले. दादांनी बोर्ड वाचला होता. वाचून आले होते, ताटावर बसले होते, आणि आम्ही काही बोलतोय का याची वाट बघत होते. ज्यांच्या होकाराशिवाय घरात सुपारी फुटत नाही त्यांना न विचारता आम्ही साखरपुडा ठरवला, असंच त्यांना वाटलं असणार. आणि मी त्यांना वर ऊन व्हायच्या आत आवरा म्हणून सांगितलं होतं. मला भीती वाटत होती हे मी लपवत नाही. आक्काच्या तोंडाकडे मी पुन्हा कसा बघणार होतो?

सापगावच्या पुढे

बोर्ड लांबूनच दिसला. जीपमधली एक बाई म्हणाली, "कुनाचा तरी साखरपुडा दिसतोय." मनूने ओढणी डोक्यावरून घेतली.

मॅनेजर चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट, कानाला मोबाइल. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि लगेच बिल पुढे केलं. तसा माणूस उर्मट नव्हता. रात्रभर वाट बघून वैतागलेला होता.

"आधी बोर्ड काढा," मी म्हणालो.

"बिल क्लिअर करा, साहेब. बोर्ड काय, गेट काढून देतो."

"मी दोन खोल्या घेतल्या होत्या. हॉल मागितलाच नव्हता!"

"तुमी बोलले, कार्यक्रम हाय."

"कार्यक्रम म्हणजे बघण्याचा कार्यक्रम! चहा-पोहे!"

"मंग तसं बोलाचं ना." तो खरोखर दुखावला होता. "आमच्याकडं कार्यक्रम म्हंजे साखरपुडा, हलद, नाय तं बारसं. च्या-पोह्याला कार्यक्रम कोन बोलतंय? पोराचं नाव दिलंत, पोरीचं नाव दिलंत. मी इचारलं, सगलं आमच्यावर सोडता ना? तुमी बोलले, सोडलं."

"पन्नास माणसं मी गमतीनं म्हणालो होतो."

"आचारी गमतीनं येत नाय, साहेब. आतमधी बघा, भाजी चिरून झाली. भात टाकायचा बाकी हाय."

मी आत बघितलं. खरंच दोन बाया परातीत वांगी घेऊन बसल्या होत्या, आणि हॉलमध्ये झेंडूच्या माळा, दोन लाल खुर्च्या, मागे सोनेरी पडदा. एरवी मी त्या पडद्याच्या भाड्यावरूनही वाद घातला असता. पण मला रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरून जाणारं प्रत्येक वाहन बोर्ड वाचण्यासाठी हळू होतंय असं वाटत होतं. माझा आवाज चढला. त्याचाही चढला. मी ग्राहक मंचाचं नाव घेतलं, त्याने पोलीस पाटलाचं.

मग मनू पुढे झाली. "भाऊ," ती मॅनेजरला म्हणाली, "अजून आमचं काही ठरलेलं नाही. मुलाच्या काकांनी हा बोर्ड बघितलाय आणि ते आज पहाटे न बोलता निघून गेले. मामा पैशासाठी ओरडत नाहीयेत. ते घाबरलेत. मी पण."

मॅनेजरने बिल उलटं करून टेबलावर ठेवलं. "पयले बोलायचं ना, ताई," तो म्हणाला. "मी कशाला कुनाचं स्थल मोडू?" मग त्याने डोकं खाजवून हिशेब सांगितला. दुपारी मुंबईची एक पार्टी जेवायला येणार होती, भाजी तिकडे वळवता येईल. हॉलचे पैसे सोडतो. खोल्यांचं आगाऊ गेलं ते गेलं, आणि बोर्डाच्या छपाईचे तेवढे द्या. मी छपाईवाला, त्यामुळे तो दरही मी थोडा खाली आणला. माझं मलाच पटेना, पण मी जिंकलो होतो. त्याने माळ्याला हाक मारली, माळी शिडी घेऊन गेला आणि बोर्डाची एक दोरी सोडली. फ्लेक्सचं एक टोक खाली लोंबायला लागलं. इतकं हलकं मला दोन दिवसांत पहिल्यांदाच वाटत होतं.

आणि एक पिकअप टेम्पो गेटपाशी येऊन उभा राहिला.

पाठीमागे दाटीवाटीने बाया, म्हातारे, पोरंसोरं. बायांच्या अंगावर ठेवणीतली लुगडी, केसांत अबोलीचे वळेसर. त्याच्यामागे आणखी एक जीप. टेम्पोच्या पुढच्या सीटवरून दादा उतरले. टोपी नवी, सदरा कडक, हातात पितळेचं ताट, त्यावर रुमाल. त्यांनी लोंबणाऱ्या बोर्डाकडे पाहिलं, शिडीवरच्या माळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाहुनं," ते म्हणाले, "पोरगी देयाची नाय काय तुमाला?"

तेव्हा कुठे मला उलगडलं. दादा रागावून गेलेच नव्हते. बोर्ड वाचून त्यांना वाटलं, मुलीकडच्यांनी खर्च करून एवढी तयारी केली आणि लाजेने तोंड उघडत नाहीत. जागा झकास म्हणाले ती या हॉटेलची. वेळ विचारली ती साखरपुड्याची, आणि मी दहा-साडेदहा सांगितली. रात्री टाकीवर जाऊन त्यांनी सगळ्या भावकीला फोन केले होते, आणि बाळारामभाऊंना सांगून पहाटे माणसं गोळा करायला गेले होते. आता ती सगळी माणसं टेम्पोतून माना बाहेर काढून उतरवल्या जाणाऱ्या बोर्डाकडे बघत होती. त्यांच्यासमोर दादांचा मान गेला होता, आणि तो मी घालवला होता, छपाईचा दर कमी करून.

मी "दादा, त्याचं काय झालं की" अशी सुरुवात केली. मागून बाळारामभाऊंची जीप आली. आक्का उतरली, ती नवीन साडी नेसली होती. तिला निघायच्या आधीच सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण तोंडावर हसू होतं. बोर्ड बघितला आणि ते हसू तिथल्या तिथे गेलं. तिने जीपच्या दाराचा दांडा धरला.

मनू चालत दादांच्या समोर गेली. पाया पडली आणि सरळ उभी राहून सगळं सांगितलं. फोन, कार्यक्रम हा शब्द, बॅगा, रेंज, काही लपवलं नाही. "आम्हाला बोर्डाचं माहीतच नव्हतं, काका. तुम्हाला विचारल्याशिवाय असं कोण करेल? तुम्हाला राग आला असं वाटलं म्हणून मामांनी काढायला लावला."

दादा ऐकत होते. टेम्पोतली कुजबुज थांबली. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं, तो खांबाआड सरकला.

"म्हंजे मी या एवढ्या मानसांना फुकटच घेऊन आलो," दादा म्हणाले. त्यांनी ताट डाव्या हातात घेतलं. आमच्याकडे काय किंवा त्यांच्याकडे काय, अशा वेळी मुलीला कोणी काही विचारत नाही. मोठी माणसं आपापसांत बोलतात. दादांनी मात्र मला ओलांडून तिलाच विचारलं. "गो पोरी, तू सांग. तो बोर्ड खाली घेऊ, का वर?"

मनूचा आवाज अगदी बारीक आला, पण सगळ्यांनी ऐकला.

"वर."

दादांच्या मिशीत काहीतरी हललं. "वर अजून कल्यानला हाय," ते टेम्पोकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "पोचंल एवढ्यात. तवर उतरा रे सगली!" टेम्पोत असा हशा उसळला की माळी शिडीवर डगमगला. बाया खाली उतरायला लागल्या, एकीने मनूला कवटाळलं. हिराबाई आक्कापाशी गेल्या आणि तिचा दांड्यावरचा हात सोडवून आपल्या हातात घेतला.

मी मॅनेजरकडे गेलो. म्हणालो, "हॉल पाहिजे."

"आता कसं, साहेब," तो म्हणाला. "भाजी मुंबईच्या पार्टीला बोललो ना मी. परत सगलं करायचं तं रेट वेगला लागंल."

त्याने आकडा सांगितला. मी तो जसाच्या तसा देऊन टाकला. सुनंदा माझ्या कपाळाला हात लावून बघून गेली.

माळ्याने दोरी पुन्हा ओढली आणि बोर्ड ताणून सरळ बसवला. आक्का डोळे पुसत त्याच्यासमोर उभी होती, मीही जाऊन तिच्या शेजारी थांबलो. इतका वेळ घाबरलेल्या डोळ्यांना न दिसलेली गोष्ट मला तेव्हा दिसली. 'मनिशा' लिहिलं होतं. नि ऱ्हस्व, आणि पोटफोड्या ष ऐवजी शहामृगातला श. माझ्या हातून अशी पत्रिका गेली असती तर मी ती परत छापून दिली असती. मॅनेजर जवळच होता. मी त्याच्याकडे वळून तोंड उघडलं.

"बंडू," आक्का बोर्डावरची नजर न काढता म्हणाली, "आता एक अक्षर बोलू नकोस."

मी तोंड मिटलं. ती मुलीचं नाव वाचत होती आणि मी तिच्याकडे बघत उभा राहिलो.